पावसाळ्यात जपा क्वीन व्हिक्टोरिया अगेव्ह

बांधावरच्या घायपाताला पावसाळ्यात कोणी जपत नाही, तशी गरजही नसते. त्याच्याच भावकीतले क्वीन व्हिक्टोरिया अगेव्ह मात्र आपल्याकडे पावसाळ्यातच दगावते. रोपवाटिकांतून आणि बंगल्यांच्या बागांतून आता हे झाड दिसू लागले आहे. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधीच त्याची व्यवस्था लावून घ्यावी.

हे झाड मूळचे ईशान्य मेक्सिकोतल्या चिवावा वाळवंटातले. नुएवो लिओन, कोआविला आणि दुरांगो या राज्यांत चुनखडीच्या उभ्या कड्यांवर, कपारीतल्या मूठभर मातीत ते वाढते. 1875 साली थॉमस मूर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. जाड, आखूड पानांचा घट्ट गोल गड्डा, रुंदी जेमतेम दीड-दोन फूट आणि प्रत्येक पानावर रंगाने ओढावी तशी पांढरी रेघ.

पाऊस या झाडाला नवा नाही. त्याच्या मुलखातही पाऊस उन्हाळ्याच्या उत्तरार्धातच पडतो, पण तो थोडा असतो आणि कड्यावरून लगेच निथळून जातो. त्यामुळे झाडाला धोका पावसापेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याचा आहे. नुसती काळी माती कुंडीत भरणे म्हणजे झाड मारणेच. निम्म्याहून अधिक जाडी वाळू, बारीक खडी किंवा विटांचे तुकडे घ्यावेत आणि उरलेल्या भागात पोयटा व थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. चुनखडीचे खडे मिळाले तर जरूर घालावेत. कुंडी मातीची आणि तळाला मोठे छिद्र असलेली हवी. लावताना गड्ड्याचा तळ मातीच्या वर राहील असे पाहावे.

जमिनीत लावायचे असेल तर फूट-दीड फूट उंच, उताराचा दगड-मुरमाचा वाफा करावा. रोप किंचित कलते लावले की पोंग्यात पाणी थांबत नाही. दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवावे. हिरवळीच्या कडेला, तुषार सिंचनाच्या टप्प्यात ते कधीही लावू नये. सोलापूर, अहिल्यानगर किंवा मराठवाड्याच्या कोरड्या भागात अशा वाफ्यावर ते उघड्यावर टिकू शकते. कोकण आणि गोव्यात मात्र जून ते सप्टेंबर कुंडी पारदर्शक छताखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवावी. सावलीत ठेवलेले झाड ऑक्टोबरमध्ये एकदम कडक उन्हात आणू नये, पाने करपतात. दहा-बारा दिवसांत हळूहळू ऊन वाढवावे.

पोंगा मऊ पडून हलक्या हाताने उपटून येत असेल, तर ते झाड वाचत नाही. ते लगेच बाजूला काढावे. पानांवर बुरशीचे डाग दिसले तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2.5 ग्रॅम या प्रमाणात फवारावे. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दडून बसतो, तो स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून घ्यावा. काम करताना हातमोजे हवेतच: पानांच्या रसाने त्वचेला खाज सुटते आणि टोकाचा काटा खोल रुततो.

रोपवाटिकाधारकांनी एक हिशोब आधीच मांडावा. घायपाताला भराभर पिल्ले येतात, याला बहुधा येतच नाहीत. त्यामुळे भरवसा बियांवर ठेवावा लागतो आणि रोप विक्रीजोगे व्हायला काही वर्षे जातात. दोन-तीन दशकांनी एकदाच दहा-पंधरा फुटांचा फुलोरा येतो आणि बी पिकले की झाड मरते. झटपट पैशासाठी हे पीक नव्हेच, पण संयम असलेल्याने बियांचा एक ट्रे जरूर लावून पाहावा.

रानातून झाडे उपटून नेण्याच्या धंद्याने या जातीची हानी झाली आहे. म्हणूनच तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात नियंत्रित केला आहे. परदेशातून रोप मागवताना या कराराखालचा परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही पाहावीत. गावात घेतानाही रोप बियांपासून वाढवलेले आहे का, हे विचारावे. विक्रेत्याला सांगता आले नाही, तर ते घेऊ नका.