आधी ऐकावे, मग बोलावे : व्यसनाविषयी संवाद

सेवाकार्यात असा प्रसंग कधी ना कधी येतोच. सत्संगानंतर एखाद्या ताई बाजूला घेऊन हळूच म्हणतात, "यांचं पिणं फार वाढलंय, तुम्ही जरा समजावा ना." मल्लेश्वरमसारख्या भागात पुणे, कोल्हापूर, बेळगावहून शिक्षण-नोकरीसाठी आलेली आणि एकटी राहणारी मुलेही असतात. घरी कळेल या धास्तीने ती कुणापाशीच बोलत नाहीत. आपला हेतू शुद्ध असला तरी एखाद्या कठोर वाक्याने माणूस कायमचा दुरावतो. म्हणून हा पाठ.

१. शब्द बदलला की दृष्टी बदलते

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी या कामाला हातभार लावला. तिथे उपचारासाठी आलेल्या माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. या एका शब्दात दोन गोष्टी आल्या : व्यसन हा आजार आहे, आणि समोरचा आपला मित्र आहे. 'बेवडा', 'गर्दुल्ला' हे शब्द आपल्या तोंडी कधीही, अगदी थट्टेतही, येऊ नयेत.

२. उपदेशाआधी प्रश्न

गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. आपणही तेच करावे. मात्र चारचौघांत नाही, तर एकांतात, आणि तो शुद्धीत व शांत असताना.

• "किती दिवस चाललंय हे?" असे दरडावण्याऐवजी "दादा, हल्ली झोप लागते का?" असे विचारा.
• "बायकामुलांचा तरी विचार करा" असे न म्हणता "घरी सगळं कसं चाललंय?" एवढेच विचारा.
• तो म्हणाला, "मी कधीही सोडू शकतो," तर वाद घालू नका. "पूर्वी कधी सोडून पाहिलंत का? तेव्हा काय झालं?" असे विचारा आणि पुढचे ऐका.

त्याने जे सांगितले ते आपल्यापाशीच ठेवा. जिवाला धोका दिसला, तरच योग्य माणसाला कळवा, आणि तेही शक्यतो त्याला सांगून.

३. शपथ घालू नका

"गुरुदेवांसमोर शपथ घ्या, आजपासून बंद" असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. तो टाळायला दोन कारणे आहेत. पहिले शरीराचे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर हात थरथरतात, झोप उडते, काहींना भास होतात, फिट येते. ही अवस्था जिवावरही बेतू शकते. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसरे कारण मनाचे. या आजारात पुन्हा घसरण होणे नवे नाही. शपथ मोडली की माणूस लाजेने तोंड लपवतो आणि नेमका गरजेच्या वेळी सत्संगापासून दूर जातो. तो परत आला, तर "पुन्हा घेतलीत?" असे न म्हणता "आलात, बरं झालं" म्हणा.

४. आपली मर्यादा ओळखा

ध्यान, प्राणायाम आणि सत्संग मनाला बळ देतात, पण ते औषधोपचाराची जागा घेत नाहीत. बेंगळुरूत निम्हान्समध्ये व्यसनांवर उपचार करणारा स्वतंत्र विभाग आहे. 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. नुसता नंबर देऊन थांबू नका, "पहिल्या दिवशी मी सोबत येऊ का?" असे विचारा.

ज्या ताईंनी विषय काढला त्यांनाही विसरू नका. वर्षानुवर्षे त्यांनी एकटीने सोसलेले असते. 'मुक्तांगण'मध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो तो यासाठीच. त्यांना मारहाण होत असेल, तर सांभाळून घेण्याचा सल्ला देऊ नका; आधी त्यांची सुरक्षितता पाहा.

या आठवड्याचा सराव

रोज एका माणसाचे बोलणे पाच मिनिटे, मध्ये न बोलता आणि सल्ला न देता ऐका. रात्री ध्यानानंतर स्वतःला विचारा : आज मी ऐकत होतो, की फक्त माझी बोलायची पाळी येण्याची वाट पाहत होतो?