नकाशावरचा पाऊस सरकतो कसा?

प्रश्न : पावसाळ्यात मोबाइलवर नकाशा उघडला की समुद्रावरचे हिरवे-पिवळे-लाल ढग किनाऱ्याकडे येताना दिसतात. एका ॲपमध्ये ते अलगद वाहत येतात, दुसऱ्यात तेच ढग गचके खात उड्या मारतात. पाऊस एकच, मग हा फरक कशामुळे? आणि ते सरकणं खरं मानायचं का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : पाऊस खरा असतो, पण त्याचं सरकणं बरंचसं मोबाइलने रचलेलं असतं.

आधी ते रंग कुठून येतात ते पाहू. हवामान खात्याची डॉप्लर रडार मुंबईत कुलाबा आणि वेरावलीला आहेत, गोव्यात पणजीला आहे. तुम्हाला पणजीचं जवळ. रडारची तबकडी गोल फिरत सूक्ष्मलहरी सोडते आणि थेंबांवर आपटून जे परत येतं ते मोजते. हे मोजमाप डीबीझेड या एककात असतं. साधारण २० म्हणजे भुरभुर, ५० म्हणजे कोसळणारा पाऊस. तबकडी आधी जमिनीलगत फिरते, मग थोडी थोडी वर कलत आणखी फेरे घेते. त्यामुळे नवं पूर्ण चित्र साधारण दहा मिनिटांनी हाती येतं.

आता हिशेब करू. दोन तासांचा पाऊस दाखवायचा तर चित्रं होतात १३. ॲप ती चार सेकंदांत पळवतं. मोबाइलचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे तेवढ्या वेळात पडद्यावर सुमारे २४० फ्रेम येऊन जातात. त्यांतल्या १३ रडारच्या. बाकीच्या ॲपने मध्ये भरलेल्या. ताशी ३६ किलोमीटर वेगाने येणारा ढग दहा मिनिटांत ६ किलोमीटर पुढे जातो. मधल्या फ्रेम भरल्या नाहीत, तर तो ६ किलोमीटरची उडी मारताना दिसणारच.

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी कुंडीत वाटाणा पेरला, ठरावीक अंतराने त्याची चित्रं टिपली आणि ती सलग दाखवून अंकुर वाढताना पडद्यावर आणला. त्यांच्या वाटाण्याची प्रत्येक फ्रेम कॅमेऱ्याने टिपलेली होती. पावसाच्या नकाशाला ती चैन नाही.

मधल्या फ्रेम भरायची सोपी रीत म्हणजे जुनं चित्र विरवत न्यायचं आणि नवं उमटवत आणायचं. पण यात ढग हलत नाही. इथला पुसट होतो आणि पुढे दुसरा उगवतो. मधल्या क्षणी एका ढगाची दोन भुतं दिसतात. चांगली ॲप दोन चित्रांची तुलना करून कोणता ठिपका कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधतात, त्या दिशेने जुनं चित्र पुढे ओढतात, नवं मागे ओढतात आणि दोन्ही मिसळतात. मग ढग वाहताना दिसतो.

मिसळायचं काय, हेही महत्त्वाचं. समजा एका जागी आधी ३० डीबीझेड होतं, रंग हिरवा; पुढच्या चित्रात ५०, रंग लाल. दोन रंगांची सरासरी काढली तर मळकट शेवाळी रंग येतो, जो पावसाच्या रंगपट्टीत कुठेच नसतो. आकड्यांची सरासरी ४० येते आणि त्याचा रंग पिवळा. म्हणून जाणता प्रोग्रॅमर सर्व्हरवरून रंगीत चित्र न मागवता आकडे मागवतो, मधला आकडा काढतो आणि रंग अगदी शेवटी मोबाइलच्या ग्राफिक्स चिपकडून भरून घेतो.

गचक्यांची दुसरी कारणं साधी आहेत. नकाशा बहुधा २५६ गुणिले २५६ पिक्सेलच्या चौकोनी टाइल जोडून बनतो. पावसाच्या एका चित्रासाठी पडद्यावर २० टाइल लागत असतील तर १३ चित्रांच्या २६० झाल्या. त्या आयत्या वेळी मागवल्या तर नेटवर्क अडकताच ढग अर्धे गायब होतात. त्या आधीच उतरवून, उलगडून ग्राफिक्स चिपच्या हवाली कराव्यात आणि नवं चित्र पूर्ण तयार होईपर्यंत जुनं हटवू नये. एका फ्रेमसाठी हाताशी जेमतेम १६ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात टाइल उलगडत बसलं की फ्रेम चुकते आणि डोळ्याला तो हिसका लगेच कळतो.

बोटाने नकाशा सरकवताना ढग किनाऱ्यामागून घसटत येत असतील, तर नकाशा आणि पाऊस दोन वेगळ्या ठिकाणी रंगवले जात आहेत असं समजा. दोन्ही एकाच फ्रेममध्ये, त्याच अक्षांश-रेखांशांना बांधून रंगवले की ढग जागचे हलत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. मधल्या फ्रेम भरताना ॲप धरून चालतं की ढग एका जागेवरून दुसरीकडे गेला. समुद्रावरून येणाऱ्या पावसाच्या पट्ट्याला हे बरंचसं लागू पडतं. पण वळवाचा ढग घाटमाथ्यावर दुपारी जागच्या जागी उभा राहतो आणि अर्ध्या तासात कोसळून मोकळा होतो. तो आधीच्या चित्रात नसेल तर ॲप आणणार कुठून? काही ॲप शेवटच्या चित्रापुढेही ढग तसेच पुढे ढकलून दाखवतात. तिथून पुढे जे दिसतं ते निव्वळ भाकीत.

म्हणून गुळगुळीतपणाला खरेपणा समजू नका. ढग अलगद सरकतात ही ॲप बनवणाऱ्याची कारागिरी आहे आणि ती कौतुकाचीच आहे. पण त्याच कारागिराने शेवटचं खरं चित्र किती वाजताचं आणि भाकीत कुठून सुरू होतं, हे ठळक लिहायला हवं. ते लिहिलेलं नसेल, तर ॲप कितीही देखणं असलं तरी अपुरं आहे.

आज संध्याकाळी एक करून पाहा. पाऊस सरकू द्या, शेवटच्या चित्रावर थांबवा आणि खाली लिहिलेली वेळ घड्याळाशी ताडून पाहा. वीस मिनिटांचा फरक असेल तर पडद्यावरचा ढग एव्हाना बारा किलोमीटर पुढे आलेला असू शकतो. होडी समुद्रात घालायची की नाही, हे मात्र नकाशावरच्या रंगांवरून ठरवू नका. त्यासाठी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशाराच पाहा.