जागा कुणाच्या नावावर घ्यावी?

पोरा, सूनबाई, तुम्हा दोघांच्या धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड झाली, आता राहायला फ्लॅट आणि कामाला शेड बघताय. सगळंच कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स वाचेल, असा सल्ला तुम्हाला मिळालाय. टोकन देण्याआधी माझं ऐका. किमतीत घासाघीस करता येते, कर्जाची बँक बदलता येते. पण खरेदीखतावरचं नाव कंपनीकडून माणसाकडे किंवा उलट बदलायचं म्हणजे पुन्हा पूर्ण मुद्रांक शुल्क, आणि भाव वाढला असेल तर नफ्यावरचा करसुद्धा. म्हणून आमच्या वडिलधाऱ्यांचा नियम होता: या जागेत राहणार कोण आणि शेवटी ती जाणार कुणाकडे, हे आधी ठरवायचं. नाव त्यावरून ठरतं.

राहतं घर माणसाच्याच नावावर. कायद्याने घरासाठी दिलेल्या बहुतेक सवलती माणसाला आहेत. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते; सोबत पुरुषाचं नाव आलं की ती जाते आणि कंपनीला ती नाहीच. फ्लोटिंग व्याजाचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर व्यक्तीला दंड लागत नाही. कंपनीला बहुतेकदा गृहकर्ज नव्हे, व्यापारी कर्ज मिळतं. त्याची मुदत कमी, व्याज जास्त. सगळ्यात मोठा फरक विकताना कळतो. जुनं घर विकून २ वर्षांत दुसरं विकत घेतलं किंवा ३ वर्षांत बांधलं, तर नव्या घरात घातलेल्या नफ्यावर १० कोटींपर्यंत कर लागत नाही. ही सूट व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे, कंपनीला नाही. शिवाय कंपनीच्या फ्लॅटमध्ये डायरेक्टर म्हणून फुकट राहिलात, तरी ४० लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात पगाराच्या १० टक्के रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते आणि तिच्यावर कर लागतो.

कंपनी तुमची असली, तरी कंपनीची जागा तुमची नसते. बच्चा गझदर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच सांगून ठेवलंय की भागधारकाचा कंपनीच्या मालमत्तेवर थेट हक्क नसतो. त्याचा हक्क शेअरवर आणि जाहीर झालेल्या लाभांशावर. भावाभावांनी कंपनीच्या नावावर इमारत घेतलेली घरं मी पाहिली आहेत. एक भाऊ गेला की त्याच्या बायकोच्या हाती शेअर सर्टिफिकेट येतं, एक खोलीही येत नाही. लाभांश जाहीर करायचा की नाही, हे बहुमतवाले ठरवतात. दाद मागायची तर साधारणपणे १० टक्के शेअर हाताशी हवेत आणि कंपनी न्यायाधिकरणाची पायरी चढायला हवी. म्हणून कंपनीत जागा घ्यायचीच असेल, तर शेअर कुणाला विकता येतील, भाव कसा ठरेल, विधवेला आणि मुलींना काय मिळेल, हे नाती गोड असतानाच कागदावर आणा.

कंपनीतला पैसा घरी आणताना दुसऱ्यांदा कर लागतो. कंपनीने २२ टक्क्यांचा दर निवडला, तर अधिभार आणि सेस धरून तो २५.१७ टक्के होतो. उरलेला नफा लाभांश म्हणून घेतला की तुमच्या स्लॅबप्रमाणे पुन्हा कर. त्यापेक्षा उसने म्हणून काढले, तर मोठ्या भागधारकाला दिलेलं असं कर्जही कायदा लाभांशच मानू शकतो. इमारतीवर घसारा मिळतो हे खरं. पण घसारा घेतलेली इमारत विकली की नफा अल्पमुदतीचा धरला जातो, जागा कितीही वर्षं हातात असली तरी.

धंद्याची जागा धंद्याच्या जोखमीपासून लांब ठेवा. जमलं तर शेड तुम्ही दोघांनी स्वतःच्या नावावर घ्या आणि रीतसर करार करून कंपनीला भाड्याने द्या. कंपनीला भाडं खर्चात धरता येतं. तुम्हाला भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा करून राहिलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. तुमची जीएसटी नोंदणी नसेल आणि कंपनीची असेल, तर १० ऑक्टोबर २०२४पासून त्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी कंपनीनेच भरायचा आहे. उद्या मंदी आली, कंपनी बुडाली, तरी देणेकऱ्यांचा हात शेडपर्यंत सहजी पोचत नाही. मात्र ती शेड कंपनीच्या कर्जाला तारण दिलीत किंवा डायरेक्टर म्हणून वैयक्तिक हमीवर सही केलीत, की हे संरक्षण गेलं. बँक ती सही मागतेच. करण्याआधी रात्रभर विचार करा. एमआयडीसीचा भूखंड मात्र मालकीने नव्हे, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो आणि पुढे दुसऱ्याला द्यायला महामंडळाची परवानगी लागते. तिथे कुणाच्या नावाने अर्ज करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

शेतजमिनीत हा प्रश्नच येत नाही. कूळकायद्यांनी महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि कंपनी शेतकरी नसते. उद्योगासाठी वेगळी वाट आहे, पण तिच्या अटी वाचल्याशिवाय विसार देऊ नका.

कंपनीत कधी घ्यावी? भागीदार घराबाहेरचे असतील, भाड्याच्या इमारती अनेक असतील, नफा बाहेर न काढता पुढच्या जागेत घालायचा असेल, तेव्हा जरूर घ्यावी. जागेचे तुकडे न पाडता शेअर वाटता येतात आणि शेअर हस्तांतरणावर मुद्रांक अवघं ०.०१५ टक्के. पण मग कंपनी जिवंत ठेवावी लागते. भाडं येवो न येवो, दरवर्षी ऑडिट आणि कंपनी निबंधकाकडे (आरओसी) विवरणपत्रं. उशीर झाला की वार्षिक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. २०१७ साली सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली आणि त्यांची बँक खाती गोठवली. अशा कंपनीच्या नावावरची जागा विकायची, तर आधी न्यायाधिकरणाकडून कंपनी पुन्हा उभी करून आणावी लागते.

तुम्ही कंपनीकडून जागा घेत असाल, तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि सर्च रिपोर्टवर थांबू नका. कंपनी नोंदवहीत चालू आहे का, जागेवर कुणाचा चार्ज, म्हणजे कर्जाचा बोजा, नोंदवलाय का, सही करणाऱ्याला संचालक मंडळाच्या ठरावाने अधिकार दिलाय का, या तिन्हींचे कागद हातात घ्या.

तेव्हा घर सूनबाईच्या नावावर घ्या. शेड तुमच्या दोघांच्या नावावर घ्या आणि कंपनीला भाडेकरू ठेवा. करांचे दर दर अर्थसंकल्पात हलतात, म्हणून आकडे सीएकडून त्या वर्षीचे तपासून घ्या. पण केवळ या वर्षीचा कर वाचवायला जागेचं नाव ठरवू नका. कर त्या वर्षापुरता असतो, जागा तुमच्या मुलांपर्यंत जायची आहे.