अंत्यविधीचे निर्णय : कोणी आणि केव्हा घ्यावेत?

घरातले वडील माणूस अंथरुणाला खिळले, तरी त्याच्यासमोर अंत्यविधीचा विषय काढणे आपल्याकडे अभद्र समजले जाते. अनित्यतेची गाथा आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे, पण तिचा अर्थ घरात बोलायची आपली तयारी नसते. त्यामुळे मृत्यूनंतरच्या पाच-सहा तासांत सारेच निर्णय घ्यावे लागतात, आणि ज्याचा आवाज मोठा तो ते घेतो.

माझ्याच घरचे सांगतो. 2011 साली माझे वडील कालकथित अप्पा पहाटे गेले. शेवटची दोन वर्षे त्यांचे सगळे माझ्या थोरल्या बहिणीने केले होते. दुपारी गावाहून चुलते आले आणि म्हणाले, "अग्नी मुलानंच द्यायचा. पोरी स्मशानात येत नसतात." बौद्धाचार्यांनी सांगितले की असा नियम धम्मात नाही, कुटुंबाने ठरवावे. चुलत्यांचा मान राखायचा म्हणून मी गप्प बसलो. ताई फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. संध्याकाळी तिने विचारले, "अप्पांनी डोळे द्यायचं म्हटलं होतं ना रे?" म्हटले होते. पण नेत्रदान मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत व्हावे लागते. ते तास आम्ही मडके फिरवायचे की नाही या वादात घालवले होते.

महापरिनिब्बान सुत्तात आपल्या उपयोगाचा एक प्रसंग आहे. तथागतांच्या देहाचे काय करावे, हे आनंदाने त्यांना ते हयात असतानाच विचारले. तथागतांना त्यात अभद्र वाटले नाही. भिक्खूंनी शरीरपूजेच्या मागे न लागता आपल्या साधनेत राहावे, ते काम श्रद्धावान गृहस्थ करतील, असे त्यांनी सांगितले. आणि आनंदाने पुन्हा विचारल्यावर नवे वस्त्र व कापूस यांत देह कसा गुंडाळावा, हेही सांगितले. पुढे कुसिनाराच्या मल्लांनी सातव्या दिवशी त्याप्रमाणेच केले. म्हणजे आधी विचारणे हे शिष्याचे कर्तव्य ठरले आणि व्यवस्था गृहस्थांकडे आली. भन्तेजी किंवा बौद्धाचार्य गाथा म्हणतील, पण अग्नी कोणी द्यावा, दहन की दफन, देहदान की नेत्रदान, हे आपणच ठरवायचे आहे.

प्रत्यक्ष विधी थोडका आहे. पांढरे वस्त्र, फुले, त्रिसरण-पंचशील, गाथा. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला दिली. तेव्हा दहाव्याला कावळ्याची वाट पाहणारा बौद्ध स्वतःचीच प्रतिज्ञा मोडतो. 'जलदान विधी'बद्दल मात्र आपल्यात वाद आहे. काही कार्यकर्ते तो जुन्याचाच अवशेष मानतात. मला ते अर्धेच पटते. श्रीलंकेत आणि अन्य थेरवादी देशांत एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी सोडत मृताच्या नावे पुण्य अर्पण करतात. खुद्दकपाठातील तिरोकुड्ड सुत्तात वाहत्या पाण्याची उपमा आहे, तिच्याशी त्याचा संबंध आहे. पाण्यात दोष नाही. पण ते मेलेल्याची तहान भागवण्यासाठी आहे असे जिथे मानले जाते, तिथे आपण मागे गेलो. म्हणून मी पत्रिकेवर 'पुण्यानुमोदन' लिहितो.

आता खर्च. मंडप, जेवण, बसगाडी यांसाठी सोसायटीतून कर्ज काढणारे मी बँकेच्या खिडकीतून पाहत आलो आहे. त्याच पैशांत एका विद्यार्थ्याची वर्षाची पुस्तके येतात. आणि दान मृताच्या नावे दिले तर ते धम्माला धरूनच होते. आणखी एक चूक नेहमीची. माणूस गेल्यावर त्याच्या एटीएम कार्डाने पैसे काढतात. हेतू चांगला असला तरी ते बेकायदेशीर आहे आणि पुढे भावाभावांत भांडणे लावते. खात्यावर वारसनोंद आहे का, हे आजच पाहा. नोंद असलेल्याने ते पैसे वारसांचे विश्वस्त म्हणून स्वीकारायचे असतात, हेही घरात सांगून ठेवा. घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरांचा दाखला लागतो आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी लागते.

नेत्रदान ठरले असेल तर नेत्रपेढीचा फोन नंबर भिंतीवर लावावा. निधनानंतर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. पथक घरी येते, फार वेळ लागत नाही. देहदानासाठी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरून ठेवता येतो. तरी मृत्यूनंतर संमती नातेवाइकांनाच द्यावी लागते, म्हणून नुसता अर्ज भरून भागत नाही, घरच्यांना तो पटलेला हवा.

अप्पांनंतर चार वर्षांनी एका रविवारी मी आईपुढे वही घेऊन बसलो. विचारायला जीभ रेटेना. तीच म्हणाली, "लिही." डोळे द्यायचे, अग्नी ताईने द्यायचा, जेवण नको, चहा ठेवायचा, आणि वस्तीतल्या शाळेला वह्या. खाली तिने सही केली, आम्ही भावंडांनीही केली. मग गावी चुलत्यांना फोन लावून सगळे वाचून दाखवले. अग्नीच्या ओळीपाशी माझा आवाज जरा दबला, पण वाचले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "आता गावी आलास की वही घेऊन ये. माझंबी लिहून घे."