फिनिक्स मुक्कामी चि. ओंकारास



वहिनींचा, म्हणजे तुझ्या आईचा, काल फोन आला. तू राजीनामा देणार आहेस आणि आपल्या रेड्स बेसबॉल संघाचा सीझन सुरू व्हायच्या आत सगळं आवरून सिनसिनाटीला परत येणार आहेस, असं त्या म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणालास म्हणे, की तिकडे धड खायला मिळत नाही आणि मॅच बघायला जिवाभावाचं कोणी नाही. दादा यावर अजून काहीच बोललेला नाही, आणि दादा गप्प बसला की घरात काय होतं हे तुला मी सांगायला नको. तू आमच्याजवळ येणार याचं मला वाईट कशाला वाटेल? पण कारण ऐकून मी खरंच रागावले आहे. इतकी वर्षं फिनिक्समध्ये काढून तुझ्या घरातली अर्धी खोकी अजून उघडलेली नाहीत, शेजाऱ्याचं नाव तुला ठाऊक नाही, संध्याकाळ झाली की मोबाइलवर रेड्स आणि तोंडाने स्कायलाइनच्या चिलीचा जप. मला काळजी एकच आहे. ही सवय लागलेला माणूस गावी परतला तरी तिथेही पाहुणाच राहतो. ज्या गावाची त्याला ओढ असते ते दहाव्या-बाराव्या वर्षी पाहिलेलं असतं, आणि आज त्या जागी दुसरंच गाव नांदत असतं.

ज्या चवीसाठी तू जीव टाकतोस ती आली कुठून, हे जरा नीट पाहा. मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी १९२२ साली एम्प्रेस नावाच्या नाट्यगृहाला लागून छोटं दुकान काढलं आणि त्यांच्याकडच्या धाटणीचा मसालेदार खिमा ‘चिली’ या अमेरिकन नावाने लोकांना खाऊ घालायला सुरुवात केली. मसाल्यात काय काय आहे हे ही चिलीवाली मंडळी सांगत नाहीत, पण दालचिनी आपल्या नाकापासून लपत नाही. ग्रीसमधल्या कास्तोरियाच्या निकोलस लॅम्ब्रिनिडीस यांनी १९४९ मध्ये प्राइस हिलवर दुकान थाटलं. तिथून शहरातल्या इमारतींची रांग दिसे, म्हणून त्याचं नाव स्कायलाइन. १९६५ मध्ये गोल्ड स्टार उभं करणारे दाऊद बंधू जॉर्डनचे. या सगळ्यांना आपापल्या गावची आठवण येतच असणार. तरी त्यांनी ती दार लावून एकट्याने चघळली नाही. समोरच्या गिऱ्हाइकाला काय रुचतं ते पाहिलं, खिमा स्पगेटीवर ओतला, वर किसलेल्या चेडरचा डोंगर केला, कांदा आणि घेवडा घालून फोर-वे, फाइव्ह-वे केलं. परक्या शहराच्या ताटात स्वतःचा मसाला मिसळला, तेव्हा कुठे त्या शहराला स्वतःची म्हणावी अशी चव मिळाली. वहिनींनी बीफ म्हणून ती कधी तोंडाला लावली नाही, त्या काळ्या घेवड्याच्या भातावरच राहिल्या, पण त्या वासाने त्यांनाही घर आठवतं. म्हणजे तू ज्याला घरची चव म्हणतोस, ती आल्या जागी रुजलेल्या माणसांनी केलेली आहे. त्या चवीच्या नावाने तू रुजायचंच नाकारतोस, हे मला पटत नाही. आणि ती दुकानं तरी जशीच्या तशी कुठे राहिली आहेत? कॅम्प वॉशिंग्टन चिलीची जुनी इमारत रस्तारुंदीत गेली आणि शेजारी नवी बांधावी लागली. लोक तिथेही तितक्याच प्रेमाने जातात.

आता रेड्स. १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगार देऊन खेळाडू ठेवणारा पहिला बेसबॉल संघ, त्या सीझनमध्ये एकही सामना न हरलेला, हे तू लहानपणापासून घोकत आला आहेस. त्या संघात मूळ सिनसिनाटीचा खेळाडू एकच होता, चार्ली गूल्ड. १८७० नंतर तो संघ मोडला, त्यातलाच हॅरी राइट काही जणांना घेऊन बॉस्टनला गेला, नाव तेच ठेवून तिथे संघ उभा केला, आणि त्याच परंपरेतून आजचे अटलांटा ब्रेव्हज आले. आपले रेड्स त्यानंतर १८८१ मध्ये नव्याने स्थापन झालेले. १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकणारी बिग रेड मशीन घे. पीट रोझ सिनसिनाटीचा, हे खरं. पण जॉनी बेंच ओक्लाहोमाचा, टोनी पेरेझ क्यूबाचा, डेव्ह कोन्सेप्सिऑन व्हेनेझुएलाचा. तुझा लाडका जोई व्होटो टोरांटोचा, आणि २००७ ते २०२३ अशी अख्खी मेजर लीगची कारकीर्द त्याने या एका संघात काढली. तो टोरांटोच्या आठवणीत झुरत बसला असता तर तुम्हा पोरांना कोणाचा शर्ट घालता आला असता? मैदानांचंही तेच. क्रॉस्ली फील्ड १९७० मध्ये सुटलं, रिव्हरफ्रंट २००२ च्या अखेरीस सुरुंग लावून पाडलं, आणि तुझ्या आठवणींतलं मैदान तर २००३ चं, तेव्हाच्या म्हाताऱ्यांना अगदी परकं वाटणारं. हे सगळं बदलूनही निष्ठा टिकली, कारण ती विटांना बांधलेली नव्हती. २०१२ च्या प्लेऑफमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पहिल्या दोन मॅच जिंकून घरच्या मैदानावर सलग तीन हरलो, तेव्हाही तू टोपी उतरवली नाहीस. अशा घट्ट निष्ठेला फिनिक्सचं अंतर सोसवणार नाही असं मी मानत नाही.

यावर तू म्हणशील, आत्या, तुम्ही मंडळींनी वेगळं काय केलंत? गणपतीला उकडीचे मोदक, दर फोनवर पुण्याचा पाऊस, आणि मला मात्र विसरायचा उपदेश. विसरायला मी सांगतच नाही. पण तुझा प्रश्न रास्त आहे, आणि माझी काळजी तिथूनच येते. आमची पिढी ‘अजून दोन वर्षं, मग परत’ असं म्हणत इथे म्हातारी झाली. पडदे साधेच घेतले, कारण जायचंच आहे. शेजाऱ्यांकडे हसून हात केला आणि तेवढंच केलं, कारण जायचंच आहे. उमेदीची वर्षं अशी अर्ध्या मनाने गेली, आणि ती कुणी परत देत नाही. ओहायो नदीकाठच्या या शहराशी आमची खरी ओळख तुम्ही मुलांनी करून दिलीत. सीझनच्या पहिल्या मॅचच्या दिवशी, ओपनिंग डेला, फिंडले मार्केटची मिरवणूक १९२० पासून निघते. ती आपली वाटायला लागली ती तुमच्या हट्टामुळे. ज्या मुलांनी आम्हाला इथे रुजवलं, त्यांतल्याच एकाला आता आमचा जुना रोग जडावा आणि त्याच्या तोंडी सिनसिनाटीचं नाव असावं, हे मला सोसत नाही.

दुसरा आक्षेपही मला ठाऊक आहे: डब्यातली स्कायलाइन म्हणजे काउंटरपुढे बसून खाल्लेली स्कायलाइन नव्हे. नव्हेच. वाफाळती लंबगोल थाळी, बाजूला छोट्या क्रॅकर्सची वाटी, शेजारच्या टेबलावर कालच्या पिचिंगवरून चाललेला वाद, हे डब्यात मावत नाही. पण त्यासाठी वर्षातून दोनदा यावं, मनसोक्त खावं. बस्तान कशाला हलवायचं? आणि तुझ्याकडे काहीच नाही हेही खरं नाही. रेड्सचा सीझनआधीच्या सरावाचा, स्प्रिंग ट्रेनिंगचा तळ गुडइयरला आहे, तुझ्या शहराच्या पश्चिमेला. आम्ही इथे थंडीत कुडकुडत बातम्या वाचतो तेव्हा संघ तुझ्या उंबऱ्याशी असतो. तुमच्या फिनिक्सचे डायमंडबॅक्सही रेड्ससारखे नॅशनल लीगचेच, त्यामुळे रेड्स तिथे खेळायला येतातच. इथली सातची मॅच तुला दुपारी चारला, ऑफिसात असताना सुरू होते, हा त्रास मी समजू शकते. खाण्याचं म्हणशील तर सोनोरन हॉट डॉग खाऊन बघ, बेकनमध्ये गुंडाळलेला, वर घेवडा, कांदा, टोमॅटो. तोही सीमेपलीकडून आलेल्या माणसांनीच तिथे रुजवला आहे. चीझ कोनीवर, म्हणजे चिली ओतलेल्या हॉट डॉगवर वाढलेल्या मुलाला तो परका वाटू नये.

मात्र एक कारण असं आहे की त्यापुढे माझं काही चालणार नाही. वहिनींचे गुडघे, दादाची साखर, त्याचं रात्री गाडी चालवणं बंद होणं, हे तुझ्या मनात असेल आणि तोंडाने म्हणवत नाही म्हणून तू चिलीचं नाव पुढे करत असशील, तर बाळा, तू जरूर ये. इथली नोकरी हातात आल्यावर तिथला राजीनामा दे, एवढंच माझं ऐक. पण तसं असेल तर दादाला तसं सांग. मुलगा खाण्यापायी नोकरी सोडतोय असं वाटून तो कुढतो आहे. मुलगा आपल्यासाठी येतोय हे कळलं तर आधी रागावेल, ‘माझं मी बघेन’ म्हणेल, आणि मग तुझी खोली रंगवायला काढेल.

आणि तसं काही नसेल, नुसतंच एकटं वाटत असेल, तर तेही सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मार्चमध्ये दादा-वहिनींना तुझ्याकडे पाठवायचं मी मनात धरलं आहे. वहिनींना ऊन मानवेल, दादाला गुडइयरला ने. नवे पोरगे इतक्या जवळून बघायला मिळाले तर तो पथ्यही विसरेल, तेवढं लक्ष ठेव. तिकिटं मी काढते. तुझं ओपनिंग डेचं तिकीटही काढते आहे, तेव्हा चार दिवस येऊन जा, मग काय ते ठरव. रागाच्या भरात लिहिलेलं मनाला लावून घेऊ नकोस. तुझी आठवण मला रोज येते, मॅच असली की जास्तच. रविवारी दादाला फोन कर. सुरुवातीला तो रेड्सच्या पिचिंगबद्दलच बोलत राहील. बोलू दे त्याला.

तुझी,
आत्या