सांबरे विमानतळ : नव्या मार्गांचा व्यापारी हिशेब

बेळगावहून अमुक शहरास विमान सुरू करावे, असे अर्ज व्यापारी संस्थांकडून वारंवार पाठविले जातात. अर्ज पाठविण्यास आमची हरकत नाही. परंतु अर्जात मागणी असते, हिशेब नसतो. आणि विमान कंपनी ही शेवटी एक पेढीच आहे. गिऱ्हाईक किती, कोणत्या दिवसांत व कोणत्या भावाने येणार, याचा अंदाज घेतल्यावाचून आपण नवे दुकान मांडीत नाही. मग तिने तरी ते का मांडावे? म्हणून या लेखात आम्ही मागणीची बाजू सोडून हिशेबाची बाजू पाहणार आहो.

सांबऱ्याचा तळ शहराच्या पूर्वेस सुमारे १० किलोमीटरवर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश वायुदलाने तो उभारला. १९६१ साली गोवामुक्तीच्या कारवाईत भारतीय वायुदलाने त्याचा उपयोग केला. वायुसैनिकांचे प्रशिक्षण केंद्रही तेथेच आहे. नागरी विमाने मात्र कधी आली, कधी बंद पडली. पुढे धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत वाढविण्यात आली, १४ सप्टेंबर २०१७ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, आणि १० मार्च २०२४ रोजी त्याहून मोठ्या इमारतीची कोनशिला बसविली गेली. १८० आसनांचे जेट विमान येथे उतरू शकते. म्हणजे दुकानाची जागा आहे, ओटाही आहे. उणीव आहे ती ठरलेल्या गिऱ्हाइकाची.

२०१८ सालची गोष्ट सभासदांच्या स्मरणात असेल. केंद्र सरकारने २०१६ साली 'उडान' योजना जाहीर केली. लहान विमानतळांवरून जाणाऱ्या मार्गांस तीन वर्षे तोटा भरून देणारे साहाय्य, त्या मार्गावर तेवढ्या मुदतीचा एकाधिकार, विमानाच्या इंधनावर राज्याचा कर एक टक्का किंवा त्याहून कमी, आणि याच्या मोबदल्यात काही आसनांचे भाडे मर्यादित, असा हा व्यवहार होता. साहाय्यातील ८० टक्के भार केंद्राकडे व २० टक्के राज्याकडे. बेळगावास त्या वेळी विमानसेवा चालू होती, म्हणून पहिल्या फेऱ्यांत त्यास योजनेत स्थान मिळाले नाही, हुबळीस मिळाले. मे २०१८ मध्ये येथील विमाने सुमारे १०० किलोमीटरवरील हुबळीकडे वळली. येथे प्रवासी नव्हते असे नव्हे. तेथे प्रवासीही होते आणि साहाय्यही होते. ज्याला आपण व्यापारी म्हणतो तो याहून निराळे काय करता?

यानंतर योजनेच्या तिसऱ्या फेरीत, २०१९ साली, बेळगावास भरघोस वाटा मिळाला. अहमदाबाद, इंदूर, सुरत, नाशिक, जोधपूर, तिरुपती, किशनगड, नागपूर अशा शहरांस ५० आसनांच्या विमानांनी बेळगाव जोडले गेले. पेढीवर बसून ज्या गावांशी आपण पिढ्यान्‌पिढ्या पत्रव्यवहार केला, त्या गावांस दोन-अडीच तासांत जाता येऊ लागले. परंतु साहाय्य तीन वर्षांचे होते. मुदत सरल्यावर काही मार्ग टिकले, काही बंद पडले. वेळापत्रक ऋतूगणिक पालटत असल्यामुळे आज कोणते विमान कोणत्या दिवशी जाते हे येथे छापीत नाही. अंक हाती येईतो ते जुने झालेले असेल.

मार्ग टिकतो कशावर, हे समजण्यासाठी एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण रीत खरी आहे. ५० आसनांचे विमान आठवड्यातून तीन दिवस जाऊन-येऊन असेल, तर आठवड्यास ३०० आणि वर्षास १५,६०० आसने विक्रीस निघतात. त्यांतील ७० टक्के खपली पाहिजेत असे धरू. म्हणजे १०,९२० तिकिटे. जाणारा परत येतो, म्हणून माणसे निम्मी, ५,४६०. त्यांतील अर्धी पलीकडच्या गावची असणार. उरली २,७३०; म्हणजे आठवड्यास बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांतून ५२-५३ माणसे, दर फेरीस सतरा-अठरा.

हा आकडा ऐकून पुष्कळांस हसू येईल. एका लग्नाच्या वऱ्हाडात याहून अधिक माणसे असतात! पण वऱ्हाड वर्षातून एकदा निघते, आणि येथे सतरा माणसे ऐन आषाढातही, मंगळवारीही, पाहिजेत. कार्तिकी पौर्णिमेस शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू झाली की अहमदाबादच्या दिशेने गर्दी उसळते. चातुर्मासात ती ओसरते. विमानाचा हप्ता मात्र बारा महिने सारखाच चालू असतो. शिवाय कापडाचे ठाण आज न खपले तर उद्या खपते. रिकामे उडालेले आसन दुधासारखे, त्याच दिवशी नासते. तिकिटाचे भाव रोज का चढतात-उतरतात, हे कोडे येथे उलगडते: ओळखीच्या गिऱ्हाइकास आगाऊ स्वस्त, अडलेल्यास आयत्या वेळी महाग. आमचे बहुतेक सभासद, दुर्दैवाने, दुसऱ्या वर्गात मोडतात. भाडे महाग म्हणून गोव्याहून किंवा हुबळीहून जाणारा गृहस्थच पुढच्या सभेत बेळगावच्या विमानाचा ठराव मांडतो, हे आम्ही पाहिले आहे.

सर्वच दिशांस विमान मागण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी आणि ऑगस्ट २०२५ पासून बेंगळुरू-बेळगाव अशा वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. पुण्यासाठी तरी आता विमान मागणे आम्हांस व्यर्थ वाटते. भोवताली हुबळी आणि कोल्हापूर आहेत, आणि जानेवारी २०२३ पासून मोपा येथील नवे विमानतळही प्रवासी ओढीत आहे. जेथे रेल्वेस रात्र आणि वर दिवस लागतो, तेथेच आपली बाजू बळकट आहे: शहापूर-वडगावच्या मागांना आणि साडीच्या दुकानांना सुरतचा संबंध आहे, राजस्थानशी कुटुंबांचा आहे. मुंबईचे दुखणे निराळे. तेथे प्रवासी आहेत, पण सोयीच्या वेळी उतरण्यास जागा मिळत नसे. आणि दुपारी पोहोचविणारे विमान व्यापाऱ्यास निरुपयोगी. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. सकाळी नेऊन सायंकाळी परत आणणारी फेरी तेथून मागावी, असे आम्ही सुचवितो.

मागताना हाती वही असावी. प्रत्येक पेढीने येत्या दिवाळी पाडव्यापासून वर्षभर एका पानावर पाच रकाने भरावेत: प्रवासाची तारीख, गाव, माणसे किती, कोणत्या वाहनाने व कोणत्या ठिकाणाहून गेले, आणि तिकीट किती दिवस आधी काढले. घरच्या मंडळींचे प्रवासही त्यात यावेत. महिनाअखेर पान चिटणिसांकडे द्यावे. नावे न दाखविता गावनिहाय बेरीज करून ती पुढील अर्जास जोडता येईल.