जुन्या गाडीचे पासिंग : कागदावरची गाडी आणि दारातली गाडी



ऊसविकास विभागाकडे एरवी प्रश्न येतात ते बेण्याचे, हुमणीचे आणि खोडव्याच्या खताचे. पण अलीकडे गटात फिरताना निम्मी चौकशी गाडीच्या कागदांची होते. विशेषतः रत्नागिरी पासिंगच्या, म्हणजे एमएच ०८ नंबरच्या जुन्या जीपगाड्या आपल्या सभासदांकडे पुष्कळ आहेत. कुणाला ती वडिलांकडून आली, कुणी आंब्याच्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात घेतली. शिवारात बियाणे न्यायला, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवायला हीच गाडी कामाला येते. त्यांतील बऱ्याच गाड्यांची पंधरा वर्षे भरली आहेत किंवा भरत आली आहेत. म्हणून हा विषय येथे घेत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. "पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात" असे पारावर सर्रास बोलले जाते. तसे नाही. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा विषय दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशाचा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढची नोंदणी बंद झाली ती सरकारी गाड्यांची. आपल्या खाजगी गाडीला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पहिली नोंदणी पंधरा वर्षांची मिळते आणि पुढे तपासणीत गाडी उतरली तर पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिली पंधरा वर्षे ही लागण आणि पुढचा प्रत्येक पाच वर्षांचा तुकडा हा खोडवा. खोडवा ठेवायचा तर बुडखे छाटावे लागतात, नांग्या भराव्या लागतात. नुसता ठेवला म्हणून येत नाही.

आता मुख्य मुद्दा. आमच्या पाहण्यात जुनी गाडी तपासणीत अडते ती बहुतेक वेळा इंजिन थकले म्हणून अडत नाही. कागदावरची गाडी आणि दारातली गाडी एक नसते म्हणून ती अडते. आपल्या गटातील एका सभासदाचे उदाहरण सांगतो. त्यांनी रत्नागिरीकडून एक जीप घेतली. उसाच्या बिलातून पैसे घालून पत्रा ठोकून घेतला, रंग काढला, नवे टायर टाकले. गाडी नवरीसारखी सजवून तपासणीला नेली. आर.सी. बुकावर इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन! आधीच्या मालकाने केव्हातरी मेस्त्रीकडून बदलून घेतलेले. इंजिन नंबर जुळेना, इंधन जुळेना, बदलाला परवानगी घेतल्याचा कागद नाही. मूळ इंजिन कुठे आहे म्हणून चौकशी केली तर ते किलोवर भंगारात गेलेले. निरीक्षकाने गाडी नाकारली, आणि नियमाने त्याला दुसरे काही करताही आले नसते. रंगरंगोटीचा खर्च पाण्यात गेला. गाडी आजही गोठ्याशेजारी उभी आहे.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्यावे. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. इंजिन थकले आणि त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे दुसरे बसवायचे असेल तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी, बसवल्यावर चौदा दिवसांच्या आत कळवून आर.सी.वर नोंद करून घ्यावी आणि इंजिनाचे बिल जपून ठेवावे. गॅसकिट बसवायचे तर मान्यताप्राप्त किट आणि त्याचीही नोंद. रंग बदलला तरी नोंद लागतेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा "मेस्त्री म्हणाला चालतंय" हे उत्तर तिथे चालत नाही.

जीपवाल्यांच्या हौसेच्या गोष्टी आम्हाला ठाऊक आहेत. पुढे लोखंडी गार्ड, मोठे रुंद टायर, उघड्या जीपला पक्के छप्पर, मागे दोन्ही बाजूंना जादा बाकडी, काचेला काळी फिल्म, आणि तो सुरात वाजणारा हॉर्न. यांतील गार्डाविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिले आहे. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंद केली. जादा बाकड्यांनी आसनसंख्या बदलते आणि ती आर.सी.शी ताडून पाहिली जाते. हे सर्व तपासणीपूर्वी काढावे. (तपासणी झाल्यावर पुन्हा बसविणारे महाभागही आहेत. त्यांनी खाली विम्याविषयी लिहिले आहे ते जरूर वाचावे.) आणि खाजगी नंबरवर वडाप करण्याचा विषय तर वेगळाच, तो येथे काढत नाही.

कोकणातून आलेल्या गाडीचे खरे दुखणे गंज हे आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यांत चासी खालून खाल्ली जाते आणि वरून रंग मात्र चकचकीत दिसतो. तपासणीत चासी नंबराचा कागदावर पेन्सिलीने छाप घेतात. तो आर.सी.वरील आकड्यांशी जुळावा लागतो. नंबर गंजाने पुसट झाला असेल तर गाडी चोरीची आहे की काय, असा संशय येणे स्वाभाविक आहे. म्हणून हाताळताना काळजी घ्यावी. नंबराच्या जागी ग्राइंडर कदापि लावू नये. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने हळूहळू गंज सोडवावा, मऊ ब्रशने पुसावे, आणि आकडे वाचता आले की वर ग्रीसचा पातळ हात द्यावा. जाड रंग थापू नये, त्या पट्टीजवळ वेल्डिंग करू नये. नंबर खरोखरच खाल्ला गेला असेल तर लोहाराकडून आकडे ठोकून घेणे म्हणजे आपल्या हाताने आपल्यावर गुन्हा ओढवून घेणे आहे. रीतसर अर्ज करून परवानगीनेच ते काम व्हावयास हवे. जुनी गाडी विकत घेताना आधी खाली आडवे होऊन हा नंबर वाचावा, मग इंजिनाचा आवाज ऐकावा. आपले लोक नेमके उलट करतात.

बाकी यांत्रिक तपासणीत नवल असे काही नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबावी, एका अंगाला ओढू नये. हँडब्रेकने चढावर उभी राहावी. स्टेअरिंगला फाजील ढिलेपणा नको. टायरची नक्षी चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर हवी. दिवे, इंडिकेटर, मागचे लाल रिफ्लेक्टर, वायपर, आरसे, स्पीडोमीटर चालू हवेत. जुन्या जीपचा स्पीडोमीटर वर्षानुवर्षे शून्यावर असतो. बहुतेक वेळा नुसती केबल तुटलेली असते.

धुराचे मात्र थोडे सविस्तर सांगू, कारण पी.यू.सी.शिवाय पुढचे काम हलत नाही. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर धुवावा अथवा बदलावा, मग नोझल तपासून घ्यावे, आणि शेवटी पंपाला हात लावावा. आपल्याकडे पहिल्यांदा पंपच खोलतात. त्यात पैसा जातो, धूर तसाच राहतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तिथे फिल्टर बदलून भागायचे नाही, रिंगा-पिस्टन पाहावे लागतील.

कागदांचे म्हणाल तर मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत नमुना २५ मध्ये अर्ज करावयाचा असतो. त्याआधी घेत नाहीत. तेव्हा ज्यांची मुदत हंगामात संपते त्यांनी अर्ज नाही तरी दुरुस्ती उन्हाळ्यातच उरकावी. तोड सुरू झाल्यावर ना तुम्हाला सवड, ना मेस्त्रीला. चालू विमा, पी.यू.सी. आणि पर्यावरण कर हे लागतेच. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटीही हवी. जुने पुस्तकी आर.सी. असेल तर त्याची नोंद संगणकावर चढली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. नसल्यास ते काम प्रथम करून घ्यावे, नाहीतर ऑनलाइन अर्जच भरता येत नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर आधी नाव चढवावे. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते, आणि आपल्याकडे तीस वर्षे झालेलीही उदाहरणे आहेत.

फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० आणि मोटारसायकलला १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील गाडीला ते अनुक्रमे १०,००० आणि २,००० आहे. उशीर केला तर दरमहा मोटारीला ५०० आणि मोटारसायकलला ३०० रुपये जादा आकार २०२१ च्या अधिसूचनेत आहे. जीपची किंमत, दुरुस्ती आणि हे शुल्क यांची बेरीज करून मगच ठरवावे. काही गाड्या ठेवण्याजोग्या नसतात, जसा तिसरा-चौथा खोडवा सर्वांच्याच रानात परवडत नाही. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राहिलेली जीप असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून दहा वर्षांची नोंदणी मिळते. तिचे शुल्क २०,००० रुपये आहे. पण ती गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शनासारख्या कारणालाच निघते. बियाणे वाहायला तिचा उपयोग नाही.

"रानातल्या रानात फिरवतो, पासिंग कशाला?" असे काहीजण विचारतात. रान ते गाव मधला रस्ता सार्वजनिक असतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असा निकाल दिला आहे की, नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे. त्या प्रकरणात गाडीची तात्पुरती नोंदणी संपलेली होती आणि मालकाला भरपाई मिळाली नाही. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता, तरीही. उद्या आपल्या जीपखाली कुणी सापडले किंवा मागे बसलेली मजुरांची पोरे घाटात जखमी झाली आणि कंपनीने कागदांवर बोट ठेवले, तर भरपाईची वसुली आपल्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते.

ट्रॅक्टरलाही हीच पंधरा वर्षांची मुदत आहे. तो खाजगी नोंदणीचा असल्याने आर.सी.वरील तारीख आजच पाहून ठेवावी, आणि ट्रॉलीच्या मागचे रिफ्लेक्टर चिखल पुसून तपासावेत. आर.सी. वाचण्यात अडचण असेल त्यांनी ती घेऊन आपल्या शेतकी गट कार्यालयात यावे. तेथील कर्मचारी इंजिन व चासी नंबर, इंधन, आसनसंख्या आणि मुदत मोठ्या अक्षरांत लिहून देतील. गाडीपाशी जाऊन ते जुळवायचे काम मात्र ज्याचे त्याने करावे.

— ऊसविकास अधिकारी